काचेतला रुमाल

"चाहत्यांकडे नेऊ नकोस त्याला, त्यांचं प्रेम गळ्यावर असतं, माणसावर नाही," आईने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. एल्बर्टमामा अमेरिकेतल्या मेम्फिसचा, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीताचा एकेकाळचा गायक. अर्धांगवायूने वाचा गेली, तरी चाहत्यांच्या मेळाव्यासाठी त्याने खुणेनेच सूट इस्त्री करून मागितला; कुणीतरी ओळखेल, एवढीच आस. सभागृहात म्हातारा डेल्रॉय काचेत मढवलेला रुमाल मिरवत होता. "एल्बर्टने गाता गाता माझ्याकडे फेकला! घामासकट जपलाय, धुतला नाही!" "चल, खोटारड्या, तू तर बाहेर गाड्या लावत होतास!" त्याची बायको खिदळली. चाकांच्या खुर्चीतून मामाने हात उंचावला. "म्हातारबुवा, मागे व्हा, फोटोत येताय," डेल्रॉय खेकसला. मी तोंड उघडणार तोच मामाने माझं मनगट दाबलं. पिशवीत माझ्या बाळाचं लाळेरं होतं, त्यानेच मी मामाचा घाम पुसला. भक्त म्हणे! तुमचा लाडका गायक जिवंत असेल, तर तो आज जेवला का, बघून या.