तो चढ

"शिकवायचं असेल तर माझ्या घोडीला शिकवा, रोज त्याच चढावर अडून बसते!" विटा वाहणाऱ्या गाडीवानानं वर्गात ऐकवलं. जनावरांच्या डॉक्टरबाई गाडीवानांना घोड्याच्या साजातल्या पट्ट्याखालची गादी शिवायला शिकवत होत्या. त्यांनी सुई खाली ठेवली. "आज गाडी तुम्ही ओढा. साज मात्र तिचाच!" सगळी वस्ती लोटली. त्यालाही चेव आला. पट्टा छातीवर चढवून त्यानं रिकामी गाडी दणक्यात ओढली. घोडी शेजारून मोकळी चालली. पोरी टाळ्या पिटत होत्या. तो चढ आला, गाडी मागे खेचू लागली आणि पट्ट्याचं बकल खांद्यात असं रुतलं, की डोळ्यांपुढे काजवेच चमकले. पाय थांबले. "अहो, चाबूक देऊ का?" बायको ओरडली. हशा पिकला. तो घोडीच्या खांद्यावरची बकलाएवढी जखम बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, गादीचं पहिल्यापासून सांगा. मघाशी माझं लक्ष नव्हतं."