सासूबाईंच्या हातचे सॉसेज

"बडीशेप? सासूबाई सॉसेजमध्ये बडीशेप घालायच्या? शप्पथ घ्या, जाऊबाई!" धाकटीनं खिम्यात रुतलेला हात बाहेर काढला.

"घालायच्या असं कुठं म्हटलं मी? वास यायचा असं म्हटलं," थोरली म्हणाली.

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच ओट्यावर दोघी जावा दोन टोकांना दोन परातींत खिमा मळत होत्या. सासूबाई सॉसेज करायच्या त्या दार लावून. काय घालायचं, किती घालायचं, सगळं त्या बरोबर घेऊन गेल्या.

सासऱ्यांना एकटं ठेवायचं नाही, हे दोन्ही मुलांनी अंत्यविधीच्या दिवशीच जाहीर केलं होतं. थोरला म्हणाला, बाबा आमच्याकडे. धाकटा म्हणाला, छे, आमच्याकडे. शेजारीपाजारी ऐकत होते, त्यामुळे आवाज चढत गेले. आग्रह अशा थराला पोहोचला की माघार घ्यायला कुणालाच जागा उरली नाही. शेवटी सासऱ्यांनीच तोड काढली. रविवारी दोघी सुनांनी सासूच्या हातासारखे सॉसेज करावेत. जिच्या हातात तिची चव उतरेल, तिच्या घरी ते राहायला जातील, कायमचे. म्हातारा माणूस, त्यात दुःखात, म्हणून कुणी हसलं नाही.

"आमच्या माहेरी, डोंगराकडे, जायफळाशिवाय सॉसेज होतच नाही," धाकटी खिमा भरायच्या आतड्याच्या टोकाला दोऱ्याची गाठ मारत म्हणाली. "चांगले जाड भरायचे आणि चुलीवर टांगून धूर द्यायचा. हिवाळाभर टिकतात."

"आमच्या समुद्राकाठी एवढा धीर कुणाला? बोटाएवढे बारीक भरायचे. लसूण, लाल मिरची, सिरका. आज केले, आज संपले."

"म्हणूनच तुमच्याकडची माणसं तिखट."

"आणि तुमच्याकडची धुरकट."

दोघी हसल्या. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे लक्ष गेलं आणि हसू आपोआप विरलं. आतडी धुवायला सासूबाई त्या स्टुलावर बसायच्या.

थोरलीच्या नवऱ्यानं दारातून डोकं आत घातलं. "कसं काय चाललंय? बाबांची खोली मी रंगवून घेतलीय, बरं का!"

"बघितली," थोरली म्हणाली.

"आणि दुकानात नाही म्हणून सांगून टाक. बाबा आल्यावर नोकरीचं कसं जमायचं?"

"आधी चव तर जमू दे."

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा थोरलीनं कापडदुकानातली नोकरी सोडली होती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिनंच केलं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. दुकानानं आता तिला पुन्हा बोलावलं होतं. धाकटीची तऱ्हा वेगळी. दोन खोल्यांचं घर, जुळी मुलं, आणि मुलांच्या खोलीतच तिची स्वतःची आई. तरीही सकाळपासून दोघींनी इतक्या मन लावून मळलं होतं की कुणीही कौतुक करावं.

थोरलीनं खिम्याची चिमूटभर गोळी तव्यावर परतली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. अजून जमलं नव्हतं. तिनं धाकटीकडे पाठ केली, ओट्यावरच्या डब्यात पुन्हा हात घातला आणि नव्यानं मळायला घेतलं. मग नरसाळं लावून आतडी भरली, सुईनं टोचली आणि मंद आचेवर सॉसेज परतायला ठेवले.

सगळे जेवायला बसले. दोन ताटल्या सासऱ्यांपुढे ठेवल्या गेल्या. मुलांनी हात पुढे केले तसे सासरे म्हणाले, "थांबा रे. आज आधी मी."

त्यांनी धाकटीच्या ताटलीतला एक तुकडा खाल्ला. ठसका लागला. पाणी प्यायले. "छान झालंय, पोरी," ते म्हणाले आणि ताटली हळूच मुलांकडे सरकवली. धाकटीनं मान खाली घातली.

मग थोरलीची ताटली. पहिला तुकडा तोंडात गेला आणि ते चावायचे थांबले. थोरलीनं पदर मुठीत धरला. सासऱ्यांनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा. कुणाला विचारलं नाही, कुणाला दिलं नाही. ताटली रिकामी झाली तेव्हा त्यांचे गाल ओले झाले होते.

"खारट," ते म्हणाले. "जीभ सोलून निघेल इतकं खारट. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा केले ना, ते अगदी असेच झाले होते. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. काय बोलणार? सगळे संपवले. पुढं तिचा हात बसला, सगळ्यांनी वाखाणले. पण मला आठवतात ते हेच." त्यांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठे, मी तुझ्याकडे येतो."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तिच्या नवऱ्याच्याही आलं. धाकट्यानं भावाला मिठी मारली आणि हरलो म्हणून कबूल केलं.

थोरली रिकामी ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली धरून उभी राहिली. धाकटी मागोमाग आली. तिनं दार लोटून घेतलं.

"जाऊबाई, इतक्या वर्षांत तुमच्या हातून मीठ कधी चुकलं नाही."

थोरली ताटली विसळत राहिली. ती कधीच स्वच्छ झाली होती.

धाकटीनं पुढं होऊन नळ बंद केला आणि थोरलीच्या पाठीवर हात ठेवला.

"मला मिरी सुचली," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "नशीब माझं, मीठ नाही सुचलं."