ओव्याची धुरी

प्रयोगातल्या औषधाचा फवारा नाकात गेला आणि कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली मृण्मयी उठून बसली. खोलीभर ओव्याच्या धुरीचा वास तरंगत होता. मांडीवर नुकतंच न्हालेलं बाळ असावं तशी ऊब होती, हाताला ओलं जावळ लागत होतं. तिला तर मूलच नव्हतं.

"हा दुसऱ्याचा आनंद आहे," डॉक्टर म्हणाले. "देणाऱ्याकडे तो उरत नाही."

"कुणी दिला?"

डॉक्टरांनी दारात उभ्या असलेल्या तिच्या आईकडे पाहिलं.

"आई, मी केवढीशी होते गं."

"असशील. मला आता त्या दिवशी वीज गेलेली तेवढी आठवते." आई तिच्याशेजारी येऊन टेकली. "तू सांग ना, कशी होतीस?"