काळजावरचा भुंगेरा

“‘महाराजांनी सारे सिंह स्वतःच्या बाणांनी मारले.’ एवढंच कोरायचं. डोकं चालवायचं नाही,” मुकादम सेन्नेफर म्हणाला आणि पोटावर मजकूर कोरायच्या दगडी भुंगेऱ्यांची टोपली त्यानं केन्नाच्या पुढ्यात आदळली.

केन्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटचा सिंह कुणी मारला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. महाराजांचा बाण चुकला आणि सिंह थेट रथावर झेपावला. मध्ये भाला घेऊन पडला तो हाकाऱ्यांतला पाशेद, केन्नाचा थोरला भाऊ. सिंह मेला, पाशेदही मेला. त्याचा देह ममी करण्यासाठी अजून खारात सुकत होता आणि हे भुंगेरे नजराणा म्हणून देशोदेशी निघाले होते.

“शेवटी माझ्या भावाचं नाव घालू द्या.”

“हाकाऱ्याचं नाव? मग शिकारी कुत्र्यांचीही घालू की!” मुकादम खो खो हसला.

केन्नानं छिन्नी उचलली. दातओठ खात तो कोरत राहिला. वहिनी तामित कारखान्याच्या दारात येऊन त्याला वाट्टेल ते बोलली. “भाऊ गेला, आता लाजही गेली का भावजी?” त्यानं छिन्नी आणखी खोल दाबली. मुकादमानं एकेक भुंगेरा उन्हात धरून पाहिला. अक्षर न अक्षर बरोबर, उलट नेहमीपेक्षा खोल.

“आलास ना वठणीवर!” तो म्हणाला. एक भुंगेरा केन्नाच्या कमरेला होता, तो त्यानं पाहिला नाही.

पाशेदला कापडात गुंडाळायचा दिवस आला. मेलेल्याच्या छातीवर भुंगेरा ठेवतात. त्यावर विनवणी असते: काळजा, मेलेल्यांचा न्याय करणाऱ्या ओसायरिस देवासमोर तुला तराजूत सत्याशी तोलतील, तेव्हा माझ्याविरुद्ध बोलू नकोस. केन्नानं कमरेचा भुंगेरा काढून भावाच्या फाटक्या छातीवर ठेवला. तामितला वाचता येत नव्हतं, पण राजाच्या नावाभोवतीचं कडं ती ओळखत होती.

“इथंही त्याचीच फुशारकी?” ती कडाडली. “विनवणीचा भुंगेरा कुठाय?”

“दादाला कशाला हवी विनवणी? त्याच्या काळजानं खुशाल बोलावं.” केन्नानं कापडाचा पहिला वेढा भुंगेऱ्यावरून करकचून ओढला. “त्या तराजूपुढं राजालाही एक दिवस उभं राहायचंय, वहिनी. त्याचा लेखी जबाब दादा आधीच घेऊन चाललाय.”