सातच्या बातम्या

"वाच की," मुक्ताबाई म्हणाल्या. "काय लिवलंय खाली?"

रावसाहेबांनी वाचलं नाही. त्यांना ते पाठ झालं होतं. त्यांच्याच वाहिनीवर, त्यांच्याच चेहऱ्याखाली, केबल कंपनीची लाल पट्टी चार दिवस सरकत होती : 'मालकाच्या हट्टामुळे ही वाहिनी एकतीस तारखेनंतर दिसणार नाही. मालकास फोन करा.' पुढे रावसाहेबांचा नंबर.

लोक फोन करत होते. अगदी मनापासून करत होते.

"बंद होणार म्हणतेय कंपनी," ते आईला म्हणाले.

"आरं, दिवेलागणीला बंद-बिंद म्हनू नगं. जीभ आवर जरा."

रावसाहेबांनी जीभ आवरली. साठी उलटली तरी आईपुढे त्यांचं काही चालत नसे.

सोलापुरातल्या घराघरांत त्यांची वाहिनी पोचायची ती कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समधून. करार संपत आला होता आणि कंपनीला तो आणखी पाच वर्षं हवा होता. कलम जुनंच : सातच्या बातम्या रोज, आणि त्या रावसाहेबांनीच वाचायच्या. कारण उद्या कुठल्या पेठेत पाणी येणार हे लोकांना त्यांच्याच तोंडून खरं वाटायचं. एक दिवस चुकला तर स्टुडिओ कंपनीचा. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या राहत्या घराचा तळमजला.

अकरा वर्षांपूर्वी या कलमावर त्यांनी पेढे वाटून सही केली होती.

तेव्हापासून ते तासाभरावरच्या वैरागच्या पुढे गेले नव्हते. बायको गेली त्या दिवशी स्मशानातून आले, अंघोळ केली आणि सातला कॅमेऱ्यासमोर बसले. तिची बातमी शेवटून दुसरी होती. शेवटची पाण्याची. त्या संध्याकाळची त्यांना अजून लाज वाटे.

आता मुलगी महेश्वरी शिलाँगला होती. तिची मुलगी पाच तारखेला एक वर्षाची होणार होती, आणि आजोबा तिला अजून फोनमध्येच राहणारा माणूस वाटत होते. रावसाहेबांनी एक तारखेचं रेल्वेचं तिकीट काढलं होतं. या खेपेला जायचं म्हणजे जायचंच.

समोरच्या केराबाई बांगड्यांचं दुकान वाढवून थेट वर आल्या.

"दादा, आमाला पाणी कवा येनार त्ये कोन सांगनार? रात्रभर नळापाशी बसू व्हय?"

"कुणीतरी सांगेल की."

"कुनीतरी!" केराबाई मुक्ताबाईंकडे वळल्या. "बगा काकू, तुमचा ल्योक कसा बोलतूय."

रावसाहेबांना वाईट वाटलं. पण तिकीट खिशात होतं. त्यांनी वरून हात फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सोलापुरातला माणूस, गौस, आला. भला माणूस. चहा घेताना मान खाली घालून बसला.

"रावसाब, एकच पत्र चालतं. तुमच्या सहीचं, एकतीसच्या आत. त्यात जे लिवाल ते फायनल. पत्र नाय आलं तर करार आपोआप पुढं. एक तारखेला मी बी काय करू शकत नाय."

"लिहितो."

"इंग्लिशमधी लिवा की. हैद्राबादचे साहेब मराठी नाय वाचत. तितं कॉम्प्युटरमधी टाकून इंग्लिश करतेत."

"अकरा वर्षं मराठी वाचून पोट भरलं, गौसभाई. निरोप इंग्रजीत देऊ?"

गौस हसला. "तुमची मर्जी. माझ्याकडं चिकटवून द्या. मी वाचणार नाय."

रावसाहेबांनी कोरा कागद घेतला. चारच ओळी लिहिल्या. सवयीने मोठ्याने वाचून पाहिल्या. शेवटच्या ओळीला आतल्या खोलीतून मुक्ताबाईंचा आवाज आला.

"पुन्ना त्योच शब्द! सोन्यासारकी वाहिनी तुजी. निदान शेवटाला तरी नीट बोल."

त्यांना ते पटलं. अकरा वर्षं ज्या वाहिनीने नाव दिलं, तिच्या निरोपाला अभद्र शब्द कशाला? त्यांनी एक शब्द खोडला आणि घरंदाज शब्द लिहिला. सही केली. पत्र आता ऐकायलाही बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गौसचा फोन आला.

"पोचलं, रावसाब. फायनल झालं. साहेब लई खूश हाय म्हणं." मग म्हणाला, "मला वाटलं भांडतील."

"सुटलो बाबा," रावसाहेब म्हणाले. कंपनीलाही ही कटकट संपायला हवी असेल, असं त्यांना वाटलं. त्याच संध्याकाळी लाल पट्टी गेली. फोनही थंडावले.

एकतीसला ते शेवटचे बसले. निरोपाचे दोन शब्द बोलायचे ठरवले होते, पण तेवढं राहूनच गेलं. पाण्याची बातमी वाचून ते उठले. त्या रात्री त्यांना अकरा वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली.

एक तारखेला सकाळी त्यांनी बॅग भरली. वरच नातीचा लाल फ्रॉक ठेवला. केराबाई मुक्ताबाईंना सोबत करणार होत्या. रिक्षा खाली उभी होती. रावसाहेब आईच्या पाया पडले.

मुक्ताबाईंचं लक्ष टीव्हीकडे होतं.

"आरं, पट्टी परत आली की. आता हिरवी हाय. वाच की, काय लिवलंय?"

रावसाहेबांनी बॅग हातात धरूनच वाचलं.

'मालकांनी स्वतःच्या सहीने "वाहिनी वाढवावी" अशी विनंती केल्यामुळे करार पाच वर्षांनी वाढवण्यात आला आहे. आज संध्याकाळी सात वाजता भेटा, आपल्या लाडक्या रावसाहेबांना.'