खुरप्याचं नाव

"आजी, नुसतं 'हे' म्हणू नका हो. नाव सांगा!" अपेक्षानं मोबाइल खाली केला.

मुकुंदवाडीतल्या आजींच्या गच्चीवर सकाळपासून हेच चाललं होतं. चांगली नोकरी सोडून अपेक्षानं संधिवातवाल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खुरपं बनवलं होतं. मूठ जाड, मऊ आणि उभी, म्हणजे मनगट वळवावं लागत नाही. नाव ठेवलं 'श्रावण', ऐकूनच हिरवंगार वाटावं म्हणून.

औरंगपुऱ्यातला दुकानदार मोठा खडूस. "वापरणाऱ्या म्हातारीनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितलेला व्हिडिओ आणा, तरच माल ठेवतो. तोही आजच." तो नाही म्हणाला, तर पोरीच्या धंद्याचं बारसं आणि बारावं एकदमच.

अपेक्षाच्या समोरच्या घरातल्या या आजींची, चतुराबाईंची, बोटं पार आखडलेली. पण हे खुरपं हाती आल्यापासून मेथीचा वाफा, गुलाब, कढीपत्ता, सगळं त्यांनी एकटीनं साफ केलं होतं.

"लई आराम हाय पोरी. कळ म्हणून येत नाय."

"मग तेच बोला ना. 'श्रावण'मुळं आराम पडला."

चतुराबाई मोबाइलकडं बघून खणखणीत बोलल्या, "ह्यांच्यामुळं लई आराम पडला!"

खुरप्याला एवढा मान! अपेक्षाला हसावं की रडावं कळेना. बाजूला खुर्चीत शेंगा फोडत बसलेल्या चतुराबाईंच्या यजमानांना मात्र जोराचा ठसका लागला.

"नाव आवडलं नाही का, आजी?"

"चांगलं हाय की."

"बोलायला अवघड जातंय?"

"नाय बाई."

"मग दुसरं ठेवू का?"

"दुसरं कशाला? काय वाईट हाय त्यात?" चतुराबाई एकदम तापल्या.

आता मात्र अपेक्षाचा धीर सुटला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आजी, माझं सगळं यावर अडलंय हो. हात जोडते तुमच्यापुढं. एकदाच, फक्त एकदाच नाव घ्या!"

"घ्या म्हणतीस?"

"घ्याच!"

चतुराबाईंनी खुरपं खाली ठेवलं. मातीचे हात झटकले, डोक्यावर पदर ओढला, घसा साफ केला. अपेक्षानं घाईघाईनं मोबाइल वर धरला.

"बोटं झाली वाकडी, तरी अंगात नाय आळस,
श्रावणरावांचं नाव घेते, कुंडीत लावून तुळस!"