बाबांचे कान

डोळे मिटा पाहू. छे, छे, उघडेच ठेवा! मोटारसायकलवर मागच्या सीटवर बसला आहात असं समजा. डोक्यावर हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली घट्ट, पाय फूटरेस्टवर. पुढे बाबांची रुंद पाठ. मागून मालट्रकची धडधड जवळ येते आहे. आता काय कराल?

भिंगरी बाबांच्या खांद्यावर थाप मारायची. गाडी उजवीकडून आली तर उजव्या, डावीकडून आली तर डाव्या. बाबा मान हलवायचे, वेग कमी करायचे आणि ट्रकला वाट द्यायचे.

"हेल्मेट घातलं की मला मागचं काही ऐकू येत नाही," ती पहिलीत असताना बाबांनी सांगितलं होतं. "तेव्हा आजपासून तू माझे कान."

त्याआधी गाडी हलली की ती पेंगायची, म्हणून आत्या तिला ओढणीने बाबांच्या पाठीला बांधून द्यायची. कान झाल्यापासून ते बंद झालं. कामाच्या माणसाला कुणी गाठोड्यासारखं बांधतं का?

बाबा मेकॅनिक होते. कधीकधी मध्येच गाडी बाजूला घ्यायचे. "साखळी कुरकुरतेय," म्हणायचे, आणि खरंच ती सैल झालेली असायची. मग भिंगरी पाना धरायची.

पण आता ती मोठ्या शाळेत जाणार होती. उद्यापासून तिला बस न्यायला येणार, आणि बाबा एकटेच हमरस्त्याने गॅरेजला जाणार. भिंगरी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझारा घालत होती.

"आत्या, उद्यापासून तू बस ना बाबांच्या मागे."

"मी? त्या फटफटीवर? माझी हाडं काय बाजारात मिळतात?"

"मग त्यांना कोण सांगणार? मागून ट्रक अंगावर आला म्हणजे?"

आत्या तोंड फिरवून खोकली. बराच वेळ खोकली.

भिंगरी अंगणात गेली. बाबा गाडीचे ब्रेक तपासत होते.

"बाबा, हेल्मेटला कानापाशी भोकं पाडा."

"वा! म्हणजे हेल्मेट नाही, चाळणी झाली. पडलो तर डोकं गाळून निघेल."

"हसू नका. मी बसने जात नाही. झालं!"

"जायचं," बाबा म्हणाले. आवाज मऊ होता, पण त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीजवळची जागा धरली. बसमध्ये पोरांचा नुसता बाजार भरला होता. ड्रायव्हर हॉर्न बडवत होता. खिडकीबाहेर, बसच्या शेजारीच बाबा मोटारसायकलवर बसून होते. इंजिन चालू, हेल्मेट घातलेलं, नजर समोर रस्त्यावर. ती उठली, बसली, पुन्हा उठली. हाक मारून उपयोग नव्हता. डोळे भरून आले, तशी ती गजाला नाक टेकवून स्वतःशीच पुटपुटली,

"हळू जा हं, बाबा. मागे मी नाहीये."

"हळूच जातो गं, भिंगरे," बाबा मान न वळवता म्हणाले.

तिचा आ वासलेला तसाच राहिला. "तुम्हाला... ऐकू आलं?"

बाबांनी हेल्मेटची काच वर केली. मिशीतल्या मिशीत हसत होते.

"अगदी पहिल्यापासून. आता खुशाल झोप. बसमधून खाली पडत नाहीस तू."

बस हलली. पहिलं वळण यायच्या आत भिंगरी घोरत होती.